तुळई आणि तिचा भार : एका प्रश्नाचा इतिहास

संत लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाच्या बुरुजाचा ओझरता उल्लेख येतो. तो बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली होती. ती माणसे यरुशलेमच्या इतर रहिवाशांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न प्रभू येशूने श्रोत्यांना विचारला आणि स्वतःच त्याचे नकारार्थी उत्तर दिले. त्या प्रसंगी प्रभूला पश्चात्तापाची निकड सांगावयाची होती, बांधकामशास्त्र नव्हे. तथापि त्या उत्तराने एक समजूत मोडीत निघाली. इमारत पडते तेव्हा तिच्याखाली सापडलेल्यांच्या पापपुण्याचा हिशेब मांडण्याचे कारण नाही. हिशेब मांडावयाचाच असेल तर तो भिंतीचा, खांबाचा आणि तुळईचा मांडला पाहिजे.

हा दुसरा हिशेब नीट मांडता यावयास मानवजातीला फार काळ लागला. एखादी लाकडी तुळई किती भार सुरक्षितपणे पेलू शकेल, हा प्रश्न वरवर पाहता सुताराचा. परंतु त्याचे उत्तर शोधण्याच्या कामी गणिती, सेनाधिकारी, निसर्गशास्त्रज्ञ, इतकेच काय, एका मठाचे प्रमुखही खपले. प्रत्येकाने आधीच्याची चूक थोडी दुरुस्त केली. आपण ज्या छपराखाली निर्धास्तपणे झोपतो आणि प्रार्थनेसाठी जमतो, त्याची भिस्त या दुरुस्त्यांवर आहे.

हाताचे ज्ञान

गणित नव्हते तेव्हा बांधकामे होत नव्हती, असे मुळीच नाही. राजे या पुस्तकाच्या पहिल्या भागात शलमोन राजाने बांधलेल्या लबानोनी अरण्यगृहाचे वर्णन आहे. लांबी शंभर हात, रुंदी पन्नास हात, उंची तीस हात. गंधसरूच्या खांबांच्या रांगा आणि त्या खांबांवर गंधसरूच्याच तुळया. पन्नास हातांचे अंतर एका तुळईने ओलांडण्याचे साहस त्या कारागिरांनी केले नाही. मध्ये खांबांच्या रांगा उभ्या करून त्यांनी ते अंतर लहान लहान खणांत वाटून घेतले. तुळईचा खण वाढला की तिची ताकद घटते, हे त्यांना पुस्तकातून नव्हे, हातातून ठाऊक होते.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने लाकडाविषयी एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे. झाड शरद ऋतूच्या आरंभापासून हिवाळा सरेपर्यंत तोडावे, तोडताना प्रथम गाभ्यापर्यंत घाव घालून ते उभेच ठेवावे, म्हणजे आतील रस झिरपून जाईल आणि लाकूड टिकेल, असा त्याचा सल्ला आहे. परंतु अमुक जाडीची तुळई अमुक भाराने मोडेल, असे तो कोठेही सांगत नाही. त्या काळी ते कोणालाच सांगता येत नव्हते. बापाने जेवढी जाड तुळई जेवढ्या खणाला घातली, तेवढीच मुलाने घालावयाची; जे टिकले ते बरोबर, जे पडले ते चूक.

या परंपरेने युरोपातील थोर कॅथेड्रले उभी केली. तिची मर्यादाही तेथेच उघडी पडली. उत्तर फ्रान्समधील बोव्हे येथील कॅथेड्रलची कमान सुमारे ४८ मीटर उंच नेण्यात आली आणि १२८४ साली तिचा काही भाग कोसळला. पुढे त्याच मंदिरावर सुमारे १५३ मीटर उंचीचा मनोरा चढविण्यात आला. तो १५७३ साली, प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या दिवशी, खाली आला. लहान इमारतीत जे प्रमाण सुखाने उभे राहते, तेच मोठ्या इमारतीत दगा देऊ शकते. असे का व्हावे, हे मात्र परंपरेला सांगता येत नव्हते.

नजरकैदेतील ग्रंथ

हा ‘का’ प्रथम नेमकेपणाने विचारला तो गॅलिलिओ याने. त्याची आणि तत्कालीन धर्माधिकाऱ्यांची कथा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. १६३३ साली रोमच्या धर्मन्यायालयाने त्याला दोषी ठरविले आणि उर्वरित आयुष्य त्याने फ्लॉरेन्सनजीक आर्चेत्री येथील आपल्या घरी नजरकैदेत काढले. त्या प्रकरणात तत्कालीन ईशज्ञान्यांची चूक झाली, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली जाहीरपणे मान्य केले. परंतु त्या बंदिवासात या वृद्धाने काय केले, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असते. सूर्य आणि पृथ्वीचा विषय बाजूस ठेवून तो पृथ्वीवरच्या तुळयांकडे वळला. ‘दोन नव्या शास्त्रांविषयीचे संवाद’ हा त्याचा ग्रंथ १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे छापून निघाला, तेव्हा त्याची दृष्टी पूर्णपणे गेली होती. त्या दोन शास्त्रांपैकी एक गतीचे. दुसरे, वस्तू मोडण्यास करीत असलेल्या विरोधाचे.

संवादाचा आरंभ व्हेनिसच्या जहाजगोदीत होतो. मोठे जहाज पाण्यात लोटताना त्याला लहान जहाजापेक्षा कितीतरी अधिक टेकू का द्यावे लागतात, असा प्रश्न तेथे निघतो. गॅलिलिओचे उत्तर असे : तुळईची लांबी, रुंदी आणि उंची अशी तिन्ही मापे दुप्पट केली, तर तिचे स्वतःचे वजन आठपट होते, मात्र तिची भार पेलण्याची ताकद केवळ चौपट होते. म्हणजे आकार वाढत जाईल तसतशी तुळई स्वतःच्याच ओझ्याखाली दुबळी होत जाते. बोव्हेच्या पाथरवटांना जे कळले नव्हते, त्याच्या मुळाशी जाणारा विचार येथे प्रथम शब्दांत उतरला.

त्याच ग्रंथात एका संगमरवरी स्तंभाची गोष्ट आहे. तो स्तंभ जमिनीवर आडवा ठेवला होता आणि त्याच्या दोन्ही टोकांखाली एकेक ओंडका होता. मध्येच तो स्वतःच्या वजनाने मोडू नये म्हणून एका कारागिराने तिसरा ओंडका मधोमध घालण्याची सूचना केली. सर्वांना ती पटली. काही महिन्यांनी स्तंभ मोडला, आणि तोही नेमका त्या नव्या ओंडक्यावर! टोकाकडील एक ओंडका कुजून खचला होता; मधला मात्र घट्ट होता. परिणामी स्तंभाचे अर्धे अंग अधांतरी लोंबकळू लागले आणि दगड वरच्या बाजूने फाटला. दोनच आधार असते, तर एक खचताच स्तंभ त्याच्याबरोबर खाली आला असता आणि वाचला असता. अधिक आधार म्हणजे अधिक सुरक्षितता, हा आपला सहजविश्वास किती फसवा आहे, हे या गोष्टीवरून ध्यानात यावे. आधार किती आहेत, याइतकेच ते सारखे टिकतात की नाही हेही महत्त्वाचे असते.

भिंतीतून पुढे आलेल्या आणि टोकाला वजन टांगलेल्या तुळईचे एक चित्रही त्या ग्रंथात आहे. त्याच्या आधाराने गॅलिलिओने नियम काढला की, तुळईची ताकद तिच्या रुंदीच्या प्रमाणात वाढते, परंतु उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि लांबीच्या प्रमाणात घटते. फूटपट्टी आडवी धरून वाकविली तर सहज वाकते, उभी धरली तर वाकत नाही, हा शाळकरी मुलाचा अनुभव या नियमात बसतो. १० सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच अशी तुळई उभी बसविली, तर तीच आडवी बसविण्यापेक्षा ती दुप्पट भार पेलते. लाकूड तेच, खर्च तोच. फरक केवळ बसविण्याचा.

येथपर्यंत गॅलिलिओ बरोबर होता. एका तुळईची दुसरीशी तुलना करण्यास त्याचा नियम आजही पुरतो. परंतु प्रत्यक्षात किती भाराने तुळई मोडेल, हे सांगावयास गेला तेथे तो चुकला. मोडणाऱ्या तुळईचे सगळे तंतू एकाच वेळी सारख्याच जोराने ताणले जातात, असे त्याने गृहीत धरले. वस्तुतः तसे घडत नाही. भार आला की तुळई किंचित वाकते. वरच्या अंगाचे तंतू दाबले जातात, खालच्या अंगाचे ताणले जातात आणि मधल्या थराला जवळजवळ काहीच सोसावे लागत नाही. (भिंतीतून पुढे आलेल्या तुळईत हाच क्रम उलटा असतो.) ही विभागणी ध्यानात न घेतल्यामुळे, लाकडाच्या ताण सोसण्याच्या ताकदीवरून गॅलिलिओच्या रीतीने भार काढला तर तो खऱ्याच्या तिप्पट निघतो. ज्याने आपल्या घराची तुळई त्या हिशेबाने घातली असती, त्याची काय गत झाली असती, हे सांगणे नको.

दुरुस्तीची दीडशे वर्षे

ही चूक प्रयोगाने उघडकीस आणली ती एदम मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने. मारियोत हा दिजोंच्या परिसरातील एका मठाचा प्रमुख होता आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा सभासदही होता. व्हर्सायच्या राजवाड्याला पाणी पुरविणाऱ्या नळांच्या कामातून तो या विषयाकडे वळला. त्याने पाव इंच जाडीचा गोल लाकडी दांडा घेतला. सरळ ओढून तोडावयास ३३० पौंड वजन लागले. तसाच दांडा एका टोकाला घट्ट धरून, चार इंचांवर वजन टांगले, तेव्हा तो अवघ्या ६ पौंडांना मोडला. गॅलिलिओच्या नियमाप्रमाणे त्याने सुमारे १० पौंड पेलावयास हवे होते. थोरांच्या ग्रंथापुढे न दिपता मारियोतने दांड्याची साक्ष ग्राह्य मानली आणि तंतूंचा ताण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वाढत जातो, असे मांडले. त्याच्या मृत्यूनंतर, १६८६ साली, हे लेखन प्रसिद्ध झाले.

मारियोतच्या हिशेबातही एक चूक राहून गेली. ती १७१३ साली पारां या गणितज्ञाने दाखवून दिली. परंतु त्याच्या लेखनाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे शार्ल ऑगस्तँ कुलोंब या लष्करी अभियंत्याने १७७३ साली पॅरिसच्या अकादमीपुढे एक निबंध सादर केला. कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर त्याने सुमारे आठ वर्षे किल्ल्याच्या बांधकामावर घालविली होती. भिंती, कमानी आणि खांब यांच्याशी रोजचा संबंध आलेल्या या माणसाने तुळईतील दाब आणि ताण यांचा समतोल अचूक मांडला. गॅलिलिओच्या ग्रंथापासून येथवर १३५ वर्षे लोटली होती.

तुळई काळानेही थकते

दरम्यान फ्रान्समध्येच एक निराळा प्रयत्न चालला होता. आरमाराला आणि बांधकामाला लागणाऱ्या लाकडाची खरी ताकद किती, हे शोधण्याचे काम निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ याने १७३० आणि १७४० च्या दशकांत हाती घेतले. आपल्या जमिनीतील ओक वृक्ष तोडून त्याने तुळया तयार केल्या. ४ पासून ८ इंचांपर्यंत जाड आणि २८ फुटांपर्यंत लांब. त्या तुळया त्याने वजने लादून प्रत्यक्ष मोडल्या. लहान काड्यांवर केलेल्या प्रयोगांवरून मोठ्या तुळईचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे, हे त्याला लवकरच कळून आले. कारण मोठ्या लाकडात गाठी असतात, चिरा असतात, तंतू तिरपे गेलेले असतात.

परंतु त्याचा सर्वात मोलाचा प्रयोग पुढचा होय. १८ फूट लांब आणि ७ इंच जाड अशा तुळयांपैकी काहींवर त्याने ९,००० पौंड भार ठेवला. त्या सुमारे तासाभरात मोडल्या. तशाच दुसऱ्या तुळयांवर त्याच्या दोनतृतीयांश, म्हणजे ६,००० पौंड भार ठेवला. त्यांनी तो पेलला. आठवडे गेले, महिने गेले. सुमारे सहा महिन्यांनी त्याही मोडल्या. तिसऱ्या तुळयांवर निम्मा, म्हणजे ४,५०० पौंड भार ठेवला. त्या दोन वर्षांनंतरही मोडल्या नाहीत, मात्र बऱ्याच वाकल्या. यावरून ब्युफाँने निष्कर्ष काढला की, दीर्घकाळ टिकावयाच्या इमारतीत मोडणाऱ्या भाराच्या निम्म्याहून अधिक भार लाकडावर कधीही ठेवू नये.

आज तुळईने भार पेलला म्हणून ती उद्याही पेलील, असे नाही. लाकूड भाराने जसे थकते, तसेच काळानेही थकते. विसाव्या शतकात अमेरिकेतील मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेने हीच गोष्ट काटेकोरपणे मोजली. काही मिनिटांच्या चाचणीत लाकूड जितका भार पेलते, त्याच्या सुमारे ६० टक्केच भार ते दहा वर्षे सतत पेलू शकते, असे तेथील संशोधन सांगते. ब्युफाँच्या निरीक्षणाला दोनशे वर्षांनी मिळालेली ही पुष्टीच होय.

खांबाची गोष्ट निराळी

तुळईचा भार शेवटी खांबावर येतो. खांबाचा नियम तुळईहून वेगळा आहे. आखूड, जाड खांब भाराखाली चिरडला जाऊनच निकामी होतो. उंच, सडपातळ खांब मात्र चिरडण्याच्या कितीतरी आधी एका बाजूस लचकतो आणि क्षणात कोसळतो. डच शास्त्रज्ञ मुसेनब्रुक याने लाकडी दांड्यांवर प्रयोग करून १७२९ साली दाखवून दिले की, खांबाची उंची दुप्पट केली तर त्याची ताकद निम्मी होत नाही, एकचतुर्थांश होते. १७४४ साली थोर गणितज्ञ ऑयलर याने तोच नियम गणिताने सिद्ध केला. म्हणून उंच खांबाला मधोमध आडवे बांधून घेतले, तर तोच खांब चौपटीपर्यंत भार पेलू शकतो. जुन्या घरांतील खांबांना मधल्या उंचीवर जोडणाऱ्या आडव्या लाकडांकडे कोणी केवळ अडगळ म्हणून पाहू नये, याचे कारण हेच.

‘मोडेल केव्हा’ पासून ‘निर्धास्त किती’ पर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत शास्त्रज्ञ मुख्यतः एकच प्रश्न विचारीत होते : वस्तू मोडेल केव्हा? फ्रेंच अभियंता नाव्हिये याने तो बदलला. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानसंग्रहात त्याने आग्रह धरला की, भार काढून घेताच तुळई पूर्ववत सरळ होईल, तिला कायमचा बाक येणार नाही, अशी मर्यादा शोधावी आणि तिच्या आतच राहावे. मोडण्याची सीमा आणि वापरण्याची सीमा यांत मुद्दाम सोडलेले अंतर म्हणजे सुरक्षिततेचे अंतर. लाकडातील गाठ दिसत नाही, सुताराचा हात एखाद्या दिवशी चुकतो, सणाच्या दिवशी अपेक्षेपेक्षा अधिक माणसे येतात. आपल्या अज्ञानासाठी राखून ठेवलेली ही जागा होय.

नाव्हियेला स्वतःलाही या जागेची गरज भासली. पॅरिस येथे सेन नदीवर त्याने योजिलेला झुलता पूल त्याच १८२६ साली जवळजवळ पुरा झाला असताना, त्याच्या साखळ्या जमिनीत रोवून धरणारा आधार सरकला. त्यातच पाण्याचा नळ फुटून तेथील माती भिजली. पूल उतरवून घ्यावा लागला. साखळ्यांचे गणित चुकले नव्हते. हलला तो आधार. गॅलिलिओच्या संगमरवरी स्तंभाची ती जणू पुनरावृत्तीच होती.

याच सुमारास आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या लाकडाचाही या इतिहासात प्रवेश झाला. १८१७ साली पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लाकडाच्या ताकदीविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने मोडून पाहिलेल्या लाकडांत इंग्लंडच्या ओकबरोबरच आपला सागही होता, आणि वाकण्याच्या परीक्षेत साग ओकहून सरस ठरला. मुंबईच्या गोदीतील वाडिया घराण्याच्या कारागिरांना हे ग्रंथावाचून ठाऊक होते. त्याच १८१७ साली त्यांनी मलबारी सागाची ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका पाण्यात सोडली. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती आजही तरंगत आहे. हाताचे ज्ञान आणि मोजमापाचे ज्ञान यांची येथे गाठ पडली, आणि दोघांचे एकमत झाले.

आपल्या छपराखाली

आज आपल्या देशात लाकडी बांधकामासाठी भारतीय मानक ब्यूरोची स्वतंत्र संहिता आहे. डेहराडून येथील वन संशोधन संस्था १९०६ साली स्थापन झाली. तिने देशी लाकडांच्या केलेल्या परीक्षणांचा अशा संहितेला आधार आहे. बांधकामाची लाकडे ताकदीप्रमाणे तीन गटांत विभागलेली आहेत आणि तेच लाकूड घराच्या आत, बाहेर किंवा ओलसर जागी असेल त्याप्रमाणे त्याला वेगवेगळा भार मान्य केला आहे. भार किती धरावा, याचेही मानक आहे. राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरावेत. परंतु जेथे माणसे पक्क्या बैठकीविना जमतात, अशा सभास्थानी सुमारे ५०० किलो धरावेत.

हे आकडे धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाने पाठ करावेत, असे नाही. परंतु त्यांचा अर्थ आपल्या दैनंदिन निर्णयांपर्यंत पोचला पाहिजे. पोटमाळ्यावर ५०० लिटरची पाण्याची टाकी चढविताना आपण तेथे टाकीखेरीज ५०० किलो कायमचे ठेवतो, आणि कायमचा भार म्हणजे काय, हे ब्युफाँच्या तुळयांनी सांगितले आहे. जुन्या तुळयांवर दहा सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा थर ओतला, तर दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो वाढतात. खोली मोठी करण्यासाठी मधला खांब काढला की खण दुप्पट होतो आणि तुळईची ताकद निम्मी. विजेच्या तारेसाठी किंवा पाळण्याच्या कडीसाठी खण्याच्या मध्यभागी तुळईच्या खालच्या अंगाला खाच पाडली, तर नेमके ज्या तंतूंवर ती उभी आहे तेच आपण कापतो. भिंतीत शिरलेले तुळईचे टोक दिसत नाही; पावसाळ्याची ओल आणि वाळवी मात्र तेथेच प्रथम पोचते. मंदिरातील गायनवृंदाचा सज्जा एरवी रिकामा असतो. नाताळच्या रात्री तेथे किती माणसे उभी राहतात, त्यावरून त्याचा हिशेब केला पाहिजे.

लाकडाचा एक गुण असा की, बहुधा ते न सांगता दगा देत नाही. तुळईला झोळ पडतो, खालचे दार चौकटीत अडकू लागते, भिंतीला टोकाजवळ चीर जाते, रात्री करकर ऐकू येते. चार मीटरच्या खणात तुळई सुमारे ११ मिलिमीटरपेक्षा अधिक वाकू लागली, तर गिलाव्याच्या छताला तडे जाऊ शकतात, असा अभियंत्यांचा साधारण अंदाज आहे. अशी खूण दिसली की खाली घाईघाईने एक टेकू ठोकून समाधान मानू नये. तो टेकू कशावर उभा आहे आणि तो तुळईला कोठे भिडतो, हेही पाहावे लागते. अनुभवी सुतारास आणि अभियंत्यास बोलावून दोघांचेही ऐकावे. एकाच्या हातात परंपरा आहे, दुसऱ्याजवळ मोजमाप आहे. आणि तीन शतकांच्या चुका व दुरुस्त्या दोघांच्याही पाठीशी आहेत.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची घरे आणि काही धर्मग्रामांची मंदिरे पुढील काही वर्षांत दुरुस्तीस निघतील. त्या वेळी बैठकीत रंगाचा, फरशीचा आणि खर्चाचा प्रश्न निघेलच. त्याच्याही आधी, वरच्या तुळया किती जुन्या आहेत आणि आपण त्यांच्यावर आणखी काय ठेवणार आहोत, हे कोणीतरी विचारावे. आणि उत्तर कागदावर लिहून मिळेपर्यंत काम सुरू करू नये.